जैसलमेर : गड, ज्ञानभांडार आणि पाहुण्याचे पाणी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जैसलमेर-लोद्रवपूर तीर्थांची संघयात्रा काढावी, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आणि सकल संघाने त्याचे हर्षभराने स्वागत केले. नियोजनाच्या सभेत निवासाचा विषय निघाला, तेव्हा एका उत्साही बंधूंनी सूचना मांडली की, गडावरच, मंदिरांपासून हाकेच्या अंतरावर, माफक दरात हॉटेले मिळतात. ज्येष्ठांना चढउतार पडणार नाही, पूजेची वेळ चुकणार नाही आणि खर्चही आटोक्यात राहील. सूचना सद्‌हेतूची होती. बहुतेकांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प राहिलो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी स्वतः गडावरच्या तशाच एका खोलीत दोन रात्री काढल्या होत्या. त्या खोलीचे भाडे मी रोख चुकते केले. तरी काही देणे राहून गेले, हे फार उशिरा ध्यानी आले.

त्यानंतर स्मरणिकेसाठी एखादा इतिहासपर लेख लिहावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. जे सभेत बोलायला हवे होते ते येथे लिहावे, असे मी ठरविले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु जमा आणि खर्च या दोन बाजू जुळल्याशिवाय वही मिटू नये, एवढे शिक्षण मला मिळालेले आहे. त्याच दृष्टीने हा लेख वाचावा, ही वाचकांस विनंती.

गडाची उभारणी आणि पाण्याची शिस्त

भाटी वंशातील रावल जैसल यांनी इ.स. ११५६ मध्ये आपली राजधानी लोद्रव्याहून हलविली आणि तेथून सुमारे पंधरा किलोमीटरवरील त्रिकूट टेकडीवर नवा गड वसविला. सभोवतालच्या वाळवंटापासून सुमारे अडीचशे फूट उंच असलेल्या या टेकडीवर पिवळ्या दगडाची तटबंदी उभी राहिली. आज दिसणाऱ्या नव्याण्णव बुरुजांपैकी बहुतेक सतराव्या शतकातील आहेत. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ अशा चार दरवाज्यांतून वळणे घेत वर जावे लागते. सूर्यास्ताच्या प्रकाशात हा सारा गड सोन्यासारखा उजळतो, म्हणून त्यास 'सोनार किल्ला' म्हणतात. भारतातील बहुतेक गड आता ओस आहेत. हा मात्र आजही नांदता आहे. काही हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या आत राहतात, तेथेच त्यांची लग्ने होतात, तेथेच दुकाने चालतात.

या प्रदेशात पाऊस वर्षाला सरासरी वीस सेंटिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. गडावर विहिरी होत्या, तरी शहराची मुख्य भिस्त चौदाव्या शतकात महारावल गडसी यांनी नव्याने बांधविलेल्या गडीसर तलावावर होती. स्त्रियांनी डोक्यावर घडे घेऊन चार दरवाजे चढायचे आणि ते पाणी घरी मोजून वापरायचे, असा शेकडो वर्षांचा परिपाठ होता. तूप सांडले तर हरकत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण मारवाडात आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली असेल. लाकडी पाटावर अंघोळ करून खाली परातीत जमलेले पाणी कपड्यांना, कपड्यांचे पाणी अंगण सारवायला किंवा जनावराला, असा एका तांब्याचा प्रवास चाले.

गडाची रचनाही या शिस्तीला धरूनच होती. क्वचित पडणारे पावसाचे पाणी आत मुरू नये, म्हणून ते चारही दिशांना बाहेर वाहून नेणाऱ्या 'घूट नाली' बांधलेल्या होत्या. परंतु ही व्यवस्था पावसाच्या पाण्यासाठी होती. घरोघर दिवसरात्र वाहणाऱ्या नळाचा विचार बाराव्या शतकातील गवंड्याने करावा तरी कसा?

आपल्याच बाजारपेठेतील आडनावे

वाळवंटात गड टिकला तो व्यापारावर. सिंध, मुलतान आणि त्यापलीकडील देशांकडे जाणारे उंटांचे तांडे येथून जात. रेशीम, नीळ, अफू, सुका मेवा यांची उलाढाल येथे होई. या व्यापारात ओसवाल जैन श्रेष्ठी अग्रभागी होते, आणि त्यांनी मिळविलेल्या द्रव्याचा मोठा भाग गडावरील जिनमंदिरांत लागला.

गडावर एकमेकांना लागून सात जिनमंदिरे आहेत. त्यांतील प्रमुख श्री चिंतामणी पार्श्वनाथांचे. त्याचा आरंभ विक्रम संवत १४५९ मध्ये झाला आणि प्रतिष्ठा १४७३ मध्ये, म्हणजे इ.स. १४१६-१७ च्या सुमारास. तत्कालीन राजा रावल लक्ष्मण यांच्या नावावरून त्यास 'लक्ष्मणविहार' असेही नाव मिळाले. हे मंदिर रांका परिवाराने बांधविले. शेजारचे श्री संभवनाथांचे मंदिर चोपडा परिवाराचे, प्रतिष्ठा संवत १४९७. अष्टापद व शांतिनाथ मंदिरांशी संखलेचा आणि चोपडा ही नावे निगडित आहेत. लोद्रवपूरचे उद्ध्वस्त मंदिर सतराव्या शतकात पुन्हा उभे केले ते थाहरूशाह भन्साळी यांनी. गडाखालील शहरात पाच हवेल्यांचा जो अद्‌भुत समूह आहे, तो गुमानचंद पटवा यांच्या परिवाराचा. हे मूळचे बाफना. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पाच दशकांच्या आसपास, या हवेल्यांचे काम चालले. त्याच घराण्यातील हिम्मतराम यांनी अमरसागरचे मंदिर बांधविले.

रांका, चोपडा, संखलेचा, भन्साळी, बाफना. वाचकहो, ही नावे मी एखाद्या ग्रंथातून नव्हे, आपल्याच पेठेतील दुकानांच्या पाट्यांवरून वाचून दाखवीत आहे, असे वाटावे इतकी ती ओळखीची आहेत. आपले पूर्वज लोटा-दोरी घेऊन महाराष्ट्रात आले, येथली भाषा बोलू लागले, येथलेच झाले. परंतु त्या लोट्याचा आणि दोरीचा अर्थच असा होता की, पाणी जमिनीतून स्वतः ओढून काढायचे आणि लागेल तेवढेच काढायचे.

तळघरातील धन

संभवनाथ मंदिराच्या तळघरात श्री जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आहे. खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी पंधराव्या शतकात त्याची व्यवस्था लावली. गुजरातेत, विशेषतः पाटण आणि खंभात येथे लिहिलेल्या ताडपत्रावरील पोथ्याही येथे आणून ठेवल्या गेल्या. गुजरातेतील शहरे राजमार्गांवर आणि सागरकाठी होती. तेथे स्वाऱ्या होत, पावसाची दमट हवाही असे. जैसलमेर दूर होते, उंच होते आणि मुख्य म्हणजे कोरडे होते. ताडपत्राला ओल हा मोठा वैरी. म्हणूनच ज्ञानपंचमीस पोथ्या बाहेर काढून, झाडून-पुसून पुन्हा बांधण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ज्ञानपूजा म्हणजे केवळ गंधाक्षता नव्हे, चार महिन्यांच्या पावसानंतर घेतलेली ती पोथ्यांची काळजी होय.

या भांडारात विक्रम संवत १११७ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमारास लिहिलेली ओघनिर्युक्ती-वृत्तीची सचित्र ताडपत्र पोथी आहे. जवळजवळ एक हजार वर्षांपूर्वीचे ताडाचे पान आज वाचता येते, याचे श्रेय लेखकाच्या शाईइतकेच त्या कोरड्या तळघरालाही आहे.

आपण महाराष्ट्रीय जैन आहोत. तेव्हा या तळघराने महाराष्ट्राला काय दिले, तेही सांगतो. मुंबई इलाख्यात सेवेस असलेले संस्कृतचे पंडित डॉ. ब्यूलर १८७४ मध्ये तरुण याकोबींना बरोबर घेऊन जैसलमेरला आले. तेथे त्यांना काश्मिरी कवी बिल्हणाच्या 'विक्रमांकदेवचरित' या काव्याची पोथी सापडली. हे काव्य कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सहावा विक्रमादित्य याच्या चरित्राचे; महाराष्ट्राचा मोठा प्रदेश ज्याच्या आधिपत्याखाली होता, त्या राजाचे. ब्यूलर यांनी ते १८७५ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केले. दक्षिणेच्या राजाचे काव्य वाळवंटातील जैनांनी जपले होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या भाषेचेच आहे. उद्योतनसूरींनी शके ७००, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा रचली. तिच्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि जो तो आपापल्या बोलीत बोलतो आहे. त्यांत मराठा व्यापारीही आहे, आणि त्याच्या तोंडचे दोन शब्द कवीने टिपून ठेवले आहेत. मराठीच्या उगमाची चर्चा करणारे विद्वान या उल्लेखापाशी थांबल्यावाचून पुढे जात नाहीत. या ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध केली ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. तिचा पहिला भाग १९५९ मध्ये निघाला. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन पोथ्या होत्या : एक पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कागदी पोथी आणि दुसरी जैसलमेरची, विक्रम संवत ११३९ ची ताडपत्र पोथी. श्वेतांबर आचार्यांचा ग्रंथ, श्वेतांबर भांडारातील पोथी आणि दिगंबर परंपरेतील संशोधक, असा हा संगम आहे. संप्रदायभेदाच्या पलीकडे ज्ञान कसे नांदते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१९५० मध्ये आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी अहमदाबादहून पायी विहार करीत जैसलमेरला पोहोचले आणि सुमारे दीड वर्ष तेथे राहिले. त्यांनी पोथ्यांची विस्कळीत पाने जुळविली, सूची केली, सूक्ष्मचित्रफिती करवून घेतल्या. १९७१ मध्ये मुंबईत त्यांचा कालधर्म झाला आणि त्यांनी केलेली सूची दुसऱ्या वर्षी छापून आली. पुढे मुनिश्री जंबूविजयजींनी तेच कार्य नव्या साधनांनी चालविले. त्यांची सूची २००० मध्ये प्रसिद्ध झाली. या मुनिवरांचाही गडावरील मुक्काम पाहुण्याचाच होता. परंतु साधूचे पाणी किती असते, हे आपणांस सांगावयास नको.

व्यापार गेला, पाहुणे आले

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदर वाढले, आगगाडी धावू लागली आणि उंटांच्या तांड्यांचे दिवस सरले. श्रेष्ठींची कुटुंबे पोटासाठी दूरदूर गेली. १९४७ च्या फाळणीने सिंधकडील वाट कायमची बंद झाली. ज्या गावाचे सारे महत्त्व वाटेवर होते, ते वाटेच्या शेवटी येऊन पडले.

पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर सीमेकडे रस्ते झाले, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वे पोहोचली. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' चित्रपट आला आणि बंगालमधून प्रवाशांची रीघ लागली. मागोमाग परदेशी प्रवासी आले. १९५८ मध्ये ज्याचे काम सुरू झाले होते, त्या राजस्थान कालव्याचे, म्हणजे पुढच्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ च्या सुमारास जैसलमेर भागात पोहोचले. प्रवासी आणि पाणी, दोन्ही थोड्याच वर्षांच्या अंतराने आले.

तटाच्या आत राहणाऱ्या कुटुंबांपाशी शेती नव्हती, व्यापार उरला नव्हता. होते ते जुने घर आणि त्याच्या झरोक्यातून दिसणारे वाळवंट. त्यांनी एक खोली पाहुण्यांसाठी काढली, मग दुसरी काढली, मग गच्चीवर तिसरी बांधली. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या जागी आपण असतो, तर अधिक व्यवस्थित हिशेब ठेवून हेच केले असते.

दीडशे रुपयांची खोली

१९९४ च्या डिसेंबरात मी पाली-बालोतरा भागात पॉपलिन आणि रुबियाच्या खरेदीसाठी गेलो होतो. सौभाग्यवती बरोबर होत्या. काम आटोपल्यावर दर्शनासाठी जोधपूरहून रात्रीच्या गाडीने आम्ही जैसलमेर गाठले. स्थानकावरच एका तरुणाने गाठले आणि गडावरच्या आपल्या घरी नेले. खोली बुरुजात होती, झरोक्यातून खाली सारे शहर दिसे, मंदिर पाच मिनिटांवर. भाडे दीडशे रुपये. 'चोवीस तास पाणी', हे त्याने तीनदा सांगितले. बुरुजाच्या भिंतीला लागून नवे स्नानगृह बांधले होते. त्याचे सांडपाणी कुठे जाते, हे मी विचारले नाही. हॉटेलात उतरणारा मनुष्य हा प्रश्न कधी विचारीत नाही.

त्या घरी तरुणाची वृद्ध आजी होती. मारवाडीत बोलणारे पाहुणे पाहून ती आनंदली. गडीसरवरून घडे आणण्याच्या गोष्टी तिने सौ.ला सांगितल्या. रात्री आमच्या स्नानगृहाचा नळ ठिबकत होता. ती हळूच आली, नळाखाली एक तांब्या ठेवला आणि काही न बोलता गेली. पहाटे येऊन तो भरलेला तांब्या तुळशीला घालण्यासाठी घेऊन गेली.

आता माझे वर्तन ऐका. पालीच्या एका व्यापाऱ्याने दिलेले मरून रुबियाचे नमुने माझ्यापाशी होते. रंग पक्का आहे की जातो, हे पाहण्यासाठी मी ते नमुने त्या स्नानगृहात धुतले. एकदा नव्हे, चार-पाच वेळा, बादलीमागून बादली. चोवीस तास पाणी होते, मोजतो कोण? दुसऱ्या दिवशी दर्शनानंतर गडाच्या पायथ्याच्या रस्त्याने आम्ही फेरी मारीत होतो, तेव्हा सौ.ने वर बोट दाखविले. आमच्याच बुरुजाच्या पिवळ्या दगडावरून एक मरून ओघळ खाली उतरला होता. अर्धा रंग भिंतीवर दिसत होता. उरलेले पाणी दगडांच्या सांध्यांत शिरले होते.

रंग जातो, हे सिद्ध झाले. तो माल मी नाकारला. भिंतीचा विचार केला नाही.

ओघळ कोठवर जातो

जैसलमेरच्या टेकडीचा वरचा दगड वालुकाश्म असला, तरी त्याखाली मातीचे, चिकणमातीचे थर आहेत. कोरडी असेतोवर ही माती भार पेलते. पाणी मुरले की ती फुगते आणि निसरडी होते. वरचा भार सरकू लागतो. टेकडीचा उतार धरून ठेवण्यासाठी पायथ्याशी बांधलेली आधारभिंत आतून दाब आल्याने फुटते, आणि तिच्यावर विसंबलेला बुरूज खाली बसतो. तटाचे दगड बहुतांशी चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले. त्यामुळे पाण्याला वाट सहज मिळते. शत्रूच्या वेढ्यांना पुरून उरलेला हा गड न्हाणीघराच्या पाण्याने हरू लागला.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर अनेक ठिकाणी बुरूज व तटाचे भाग ढासळले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत जैसलमेरचा समावेश केला. १९९८ आणि २००० च्या याद्यांतही तो राहिला. इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'जैसलमेर इन जेपर्डी' या संस्थेने आणि 'इंटॅक'ने गल्ल्यांची फरसबंदी, घरांची दुरुस्ती, सांडपाण्याच्या जोडण्या या कामांना हातभार लावला. शासनानेही जलवाहिन्या व गटारे नव्याने टाकण्याची कामे केली. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला : चित्तोड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन, आमेर आणि जैसलमेर. मान मिळाला, परंतु मानाने माती कोरडी होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसात तटाचा एक भाग पुन्हा कोसळला.

पाऊस आपल्या हाती नाही, हे खरे. गडावर राहणाऱ्यांना नळ नको, त्यांनी पुन्हा घडे वाहावेत, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ते त्यांचे घर आहे. परंतु पाहुण्याचे पाणी हे जास्तीचे पाणी आहे. घरातील मनुष्य ठिबकणाऱ्या नळाखाली तांब्या ठेवतो. पाहुणा दीडशे रुपये दिले म्हणून नळ सोडून ठेवतो. एका प्रसिद्ध इंग्रजी प्रवासपुस्तकाने गडावरील हॉटेलांची शिफारस करणेच थांबविले. गडावरील काही व्यावसायिकांनी स्वतः होऊन आपली हॉटेले खालच्या शहरात हलविली.

२०२३ मध्ये मी पुन्हा जैसलमेरला गेलो, तेव्हा खाली उतरलो होतो. ते घर शोधत गेलो. बुरुजातील ती खोली बंद होती. बाहेरच्या भिंतीला उभी भेग होती आणि तिच्यावर आधाराचे खांब लावले होते. १९९४ चा तो तरुण आता पन्नाशी ओलांडलेला. कुटुंब खाली राहावयास गेले आहे आणि तेथे त्याचे छोटे अतिथिगृह आहे. आजी केव्हाच निवर्तली. मी त्याला ओघळाची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, 'शेठजी, एका तुमच्या बादलीने काय होणार? आमच्याकडे तीस वर्षे तुमच्यासारखे येत होते.' त्याने माझे समाधान करण्यासाठी हे म्हटले. माझे समाधान झाले नाही.

स्वस्त म्हणजे काय

आमच्या धंद्यात स्वस्त हा शब्द जरा संशयानेच ऐकतात. लागवडीपेक्षा कमी भावात माल मिळत असेल, तर उरलेला खर्च कोणीतरी भरतो आहे, हे निश्चित. विणकर भरतो, नाहीतर गिऱ्हाईक पहिल्या धुण्यात भरते. बुरुजातील खोलीचे माझे भाडे दीडशे रुपये होते. तिचा उरलेला खर्च गड भरीत होता. मातीच्या थरावर तो नावे पडत गेला आणि भेगेच्या रूपाने समोर आला. तेच मातीचे थर रांका आणि चोपडा परिवारांनी बांधविलेल्या मंदिरांखाली आहेत. त्याच मंदिरातील तळघरात ती पाने आहेत, ज्यांवर मराठा व्यापाऱ्याचे दोन शब्द साडेनऊशे वर्षे कोरडे राहिले.

आपल्या धर्माने हा हिशेब फार पूर्वी मांडलेला आहे. जल हे केवळ साधन नव्हे. अप्काय जीवांचा तो देह होय. म्हणून आपण पाणी गाळतो, म्हणून पाणी वापरताना यतना सांगितली आहे. यतनेचा अर्थ आपण बहुधा जीवरक्षेपुरता घेतो. जैसलमेरचा गड पाहिल्यावर वाटते की, जेथे पाण्याची यतना पाळली गेली, तेथे मंदिरेही राहिली, ग्रंथही राहिले आणि घरेही राहिली.

संघाचरणी विनंती

म्हणून सभेत न बोललेले आता बोलतो. आपल्या संघयात्रेचा निवास गडावर नसावा. खालच्या शहरात जैन धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे. जागा अपुरी पडल्यास तेथील अतिथिगृहे आहेत. खर्च थोडा वाढेल, हे मान्य. ज्येष्ठांना चढण पडेल, हा आक्षेपही खरा आहे. परंतु रिक्षा दरवाज्यांतून वर चौकापर्यंत जातात. ज्येष्ठांसाठी त्यांची व्यवस्था ट्रस्टने करावी. तो खर्च माझ्या खाती लिहावा. जुने देणे आहे.

दुसरी विनंती पूजेसंबंधी. पूजेपूर्वीचे स्नान खालीच उरकून, पूजेची वस्त्रे परिधान करूनच वर जावे. आपल्या गावातही सकाळी आपण असेच घरून मंदिरात जातो. शंभर-सव्वाशे यात्रिकांचे स्नान गडावर झाले नाही, तर तेवढ्या बादल्या त्या मातीत जाणार नाहीत.

तिसरी विनंती गडावरील रहिवाशांविषयी. आपण वर राहणार नाही, म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. त्यांच्या दुकानांतून खरेदी करावी, त्यांच्यातीलच मार्गदर्शक घ्यावेत, चहा त्यांच्याकडे घ्यावा. त्यांची उपजीविका चालली तरच ते गडावर राहतील, आणि नांदता गड हीच त्या गडाची ओळख आहे.

आणि शेवटचे : ज्ञानभांडाराचे दर्शन घेताना, काचेआडच्या त्या पोथ्यांपुढे क्षणभर थांबावे. आपल्या ट्रस्टला आज पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे. त्या पोथ्यांतील सर्वांत जुनी पाने आपल्या ट्रस्टच्या जवळजवळ वीसपट वयाची आहेत. त्यांना जपणाऱ्या कित्येकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी एवढेच केले की, पाणी बेताने वापरले आणि तळघर कोरडे ठेवले.

१९९४ मध्ये त्या बुरुजावरून मी सोडलेल्या प्रत्येक बादलीबद्दल त्या अप्काय जीवांस, त्या गडास आणि नळाखाली तांब्या ठेवणाऱ्या त्या आजीस माझे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.